‘एक होता विदूषक’ आणि आमची जत्रा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



एके काळी गाजलेला, आता लोक विसरलेले आहेत असा गाण्याबजावण्याचा एखादा संच आणि त्याच्यावर काढलेला विनोदी चित्रपट हा प्रकार जगात बऱ्याच ठिकाणी सापडतो. मेक्सिकोत सापडतो, इंग्लंडात सापडतो. पोटं सुटलेली, केस विरळ झालेली ही माणसं पुन्हा एकदा रंगमंचावर उभी राहतात आणि आपण हसतो. १९८४ साली अमेरिकेत ‘धिस इज स्पायनल टॅप’ नावाचा असा एक चित्रपट आला. उतरणीला लागलेल्या एका काल्पनिक रॉक बँडवरचा हा माहितीपट आहे, असं सोंग त्यात आणलं होतं. ते इतकं वठलं, की सुरुवातीच्या कित्येक प्रेक्षकांना तो बँड खराच वाटला. असल्या बावळट लोकांवर चित्रपट कशाला काढला, असं त्यांना वाटलं. पुढे लोकांना गंमत कळली आणि त्या चित्रपटाला मोठा मान मिळाला.

मला या गोष्टीत चित्रपटापेक्षा प्रेक्षकाचं मत महत्त्वाचं वाटतं. ओसरलेल्या कलावंताला पाहून आपण जे बोलतो, त्यात त्याच्याविषयी थोडं असतं आणि आपल्याविषयी बरंच असतं. आज मला अशाच काही मतांबद्दल बोलायचं आहे. मतं सगळी आमच्या मुळशीतली आहेत आणि चित्रपट आपला मराठी आहे, ‘एक होता विदूषक’.

आपल्याकडे पॉप गाणाऱ्यांचे संच आले आणि गेले. पण गावोगाव फिरून लोकांना गाणं, नाच आणि हसू देणारा आपला खरा संच म्हणजे तमाशाचा फड. १९७१ साली दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आला, तेव्हा तमाशा जोरात होता. भोळा नाम्या तमाशाच्या नादाला लागतो आणि धमाल उडते. लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९९२मध्ये, जब्बार पटेल यांनी ‘एक होता विदूषक’ केला. पटकथा आणि संवाद पु. ल. देशपांडे यांचे. ‘गुळाचा गणपती’नंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी त्यांनी चित्रपटासाठी अशी लेखणी उचलली होती. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. मधू कांबीकर, निळू फुले, वर्षा उसगावकर, दिलीप प्रभावळकर, मोहन आगाशे अशी मंडळी. आणि मध्यभागी लक्ष्मीकांत बेर्डे.

गोष्ट थोडक्यात अशी. तमाशातल्या नर्तकीला इनामदारापासून झालेला मुलगा आबुराव फडात वाढतो, सोंगाड्या होतो. तिथून तो सिनेमात जातो, मोठा नट होतो आणि पुढे राजकारणाच्या फडात ओढला जातो. वाटेत मागचं सगळं सुटत जातं. आणि ज्याच्या एका वाक्यावर हजारो लोक हसतात, त्याची स्वतःची लहान मुलगी मात्र हसत नाही. शेवट सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा.

त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना मिळाला. लावणी अंगात मुरलेल्या बाईंना तो मिळाला याचा आनंद वेगळा. पण तिकीटबारीवर लोकांनी पाठ फिरवली.

का फिरवली, ते मी जवळून पाहिलं आहे. मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पौडच्या बाजूची आम्ही चार-पाच पोरं एसटीनं पुण्याला कॉलेजला जायचो. ‘धूमधडाका’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ आम्हाला तोंडपाठ होते. लक्ष्याचा नवीन पिक्चर म्हटल्यावर पैसे जमवून गेलो. मध्यंतरापर्यंत पोरं हसण्याच्या तयारीत बसली होती. कुठे जरा जागा मिळाली की आधीच खिदळायची. मध्यंतरानंतर गप्प झाली. बाहेर आल्यावर एकानं एका वाक्यात निकाल दिला, “लक्ष्या असून हसवलं नाय, पैसे परत पायजेत.”

हे मत त्या एकट्याचं नव्हतं, महाराष्ट्राचं होतं. आणि त्यात खोटं काही नव्हतं. चित्रपट हसवतो कमी. पण जरा विचार करा. पडद्यावरचा आबुराव सांगू पाहतो, की मला हसवण्यापलीकडेही काही आहे, मी माणूस आहे, बाप आहे. आणि त्याची भूमिका करणारा नटही तेच सांगत होता, की गेली सात-आठ वर्षं तुम्हाला हसवलं, आता जरा हेही बघा. यावर प्रेक्षक म्हणाला, ते राहू दे, तू हसव. म्हणजे पडद्यावर आबुरावासमोर बसलेल्या प्रेक्षकांचं काम थिएटरात बसलेल्या आम्हीच करत होतो. तिकीट काढून.

दुसरं मत माझ्या अब्बांचं. अब्बांचा धंदा बांगड्यांचा. चैत्र लागला की मुळशी-मावळातल्या जत्रांमधून त्यांचं पाल पडायचं. आज इथे, परवा तिथे. तमाशाचे फडही त्याच वाटेनं फिरायचे. दसऱ्याला बाहेर पडलेला फड बुद्धपौर्णिमेपर्यंत घरी जात नाही, आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा म्हणजे त्यांच्या सुगीचे दिवस. त्यामुळे फडातली माणसं आणि अब्बा एकमेकांना ओळखून असत. दुपारी तंबूचे खांब रोवले जात असताना फडातल्या बाया पालावर येत. नाचताना बांगड्या फुटतात, त्यामुळे दर दोन-चार गावांना हात भरावे लागायचे. अब्बा सांगत, “त्या बायांनी कधी एका डझनाची उधारी ठेवली नाही. उधारी राहायची ती गावातल्या मोठ्या घरांची.”

काही वर्षांनी हा चित्रपट टीव्हीवर लागला तेव्हा अब्बांनी तो सलग पाहिला. सिनेमाला ते फारसे बसत नसत. संपल्यावर म्हणाले, “सगळं खरं आहे. फक्त लुगडी फार नवी आहेत.” माझ्या वाचनात आलेल्या कुठल्याच परीक्षणात हे वाक्य नव्हतं. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून अर्धामुर्धा पाहत होती. ती म्हणाली, “मुलखाला हसवायला वेळ आहे त्याला, आणि लेकराशी बोलायला नाही. मग ते पोर हसेल कसं?” तिच्यापुरता तो तमाशावरचा चित्रपट नव्हताच. कामासाठी बाहेर राहणाऱ्या प्रत्येक बापावरचा होता. अब्बा चैत्रभर घराबाहेर असत, हे ध्यानात घेतलं की तिचं मत आणखी नीट कळतं. अब्बांनाही ते कळलं असावं. ते काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले.

आता तमाशा ओसरला कसा, हे थोडं सांगायला हवं. नाहीतर पुढचं मत समजणार नाही. पारंपरिक ढोलकीच्या फडात कार्यक्रमाची एक चाल ठरलेली असते. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. बतावणी म्हणजे सोंगाड्या आणि सरदार यांची सवाल-जवाबाची जुगलबंदी. तिला लिहिलेली संहिता नसायची. त्या गावात सकाळी काय घडलं ते रात्री बतावणीत यायचं. वग उजाडेपर्यंत चालायचा. दादू इंदुरीकर याच बतावणीचे बादशहा. त्यांचं इंदुरी आमच्या शेजारच्या मावळातलं. ‘गाढवाचं लग्न’मधला त्यांचा सावळ्या कुंभार पाहिलेली माणसं अजूनही त्याच्या लकबी करून दाखवतात.

आणि या परंपरेत जातधर्माची विचारपूस कुणी केली नाही. पेशवाईतले जेजुरीचे शाहीर सगनभाऊ मुसलमान होते, धंद्यानं शिकलगार. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ब्राह्मण. घरदार सोडून फडात आले. सगळा महाराष्ट्र त्यांची लावणी गायचा. १९४५ साली पुण्यात ते गेले तेव्हा हाताशी काही उरलेलं नव्हतं. म्हणजे कलावंतानं ओसरणं काही आजचं नाही.

पुढे व्हिडिओ आला, केबल आली. फडांनी टिकण्यासाठी सिनेमाची गाणी घेतली. बतावणी आटली, वग आखडला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंगा बंद झाला आणि २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती बंदी कायम ठेवली. नियम योग्यच आहे. आजाऱ्याला, शिकणाऱ्या पोराला झोप हवी. पण जी कला रात्री दहाला रंगात यायची, तिला दहाला उठून जायला सांगितलं तर ती वग कधी लावणार? त्यावर २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं करोनामुळे जत्राच भरल्या नाहीत. फडाची कमाई बुडाली. कित्येकांनी मिळेल ते काम धरलं.

आमच्या मुळशीचंही असंच झालं आहे. शंभर वर्षांपूर्वी धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांबरोबर मावळ्यांनी सत्याग्रह केला, ती ही मुळशी. हिंजवडीचं आयटी पार्क आज ज्या तालुक्यात आहे, तीही मुळशीच. त्याच हिंजवडीत म्हातोबाचं बगाड अजून निघतं आणि काचेच्या इमारती बघत वाकडला जातं. मधल्या काळात जमिनी विकल्या गेल्या, पैसे आले, गाड्या आल्या. बऱ्याच घरांतून ते पैसे जसे आले तसे गेले. २०१८च्या ‘मुळशी पॅटर्न’मध्ये त्याचं एक रूप आपण पाहिलं. एके काळी गाजलेला आणि आता ओसरलेला, असं म्हणताना मला कधीकधी फड आठवतो आणि कधीकधी गाव.

तिसरं मत तात्यांचं. तात्या आमच्या भागातले. तरुणपणी एका फडात बारा-तेरा वर्षं सोंगाड्या होते. गुडघे गेल्यावर घरी बसले. त्यांच्या नातवानं मोबाइलवर त्यांना ‘एक होता विदूषक’ लावून दिला. मी मुद्दाम विचारायला गेलो, “तात्या, कसा वाटला?”

तात्या म्हणाले, “झ्याक हाय. आमचं रडनं बराबर दावलंय. पर भाई, आमचं हसनं कमी दावलंय.”

“म्हणजे?”

“म्हंजी असं बघा. फड बुडत व्हता तवा आमी काय तोंड पाडून बसलो न्हवतो. टरक बंद पडला तरी आमी हसायचो. मालकानं पगार थकवला तरी त्येचीच नक्कल करायचो, त्येच्याच म्होरं. मालक हसायचा आन् म्हनायचा, घ्या चार आनं. रडाय लागलो असतो तर चार आनंबी मिळालं नसतं.”

मी तिथून उठलो तो हे मत डोक्यात घेऊनच. ओसरलेल्या कलावंतावर चित्रपट काढणारे आणि पाहणारे, आपण सगळे एक गोष्ट धरून चालतो, की तो बिचारा आहे. त्याच्याकडे बघून डोळे पुसायचे किंवा त्याच्या फजितीला हसायचं. तात्यांचं म्हणणं वेगळं होतं. फजिती आमची आहे तर तिच्यावरचा विनोदही आमचाच असला पाहिजे, तो करायची अक्कल आम्हाला आहे. दया करणाऱ्यांपेक्षा ऐकणारे त्यांना हवे होते.

चौथं मत तरुणांचं आहे आणि ते फार लांबचं नाही. पिरंगुटच्या कारखान्यांत, हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारी आमच्याकडची मुलं लक्ष्मीकांत बेर्डेंना मोबाइलवर दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत पाहतात. ते गेले १६ डिसेंबर २००४ला. यातली बरीच मुलं तेव्हा पाळण्यात होती. त्यांतल्या एकाला ‘विदूषक’मधला एक प्रसंग असाच सापडला. तो मला म्हणाला, “काका, हा लक्ष्या कुठे होता इतके दिवस?” आज बरेच जण बेर्डेंच्या उत्तम भूमिकांमध्ये आबुरावाचं नाव घेतात. आमच्यातला पैसे परत मागणारा मित्रही घेतो. तीस वर्षांनी का होईना, मत बदलतं. फक्त ते ऐकायला नट राहत नाही.

ही सगळी मतं माझ्या मनात साठली होती, आणि गेल्या वर्षी जत्रा कमिटीची बैठक बसली. विषय होता, तमाशा ठेवायचा की ऑर्केस्ट्रा आणायचा. कमिटीत आता तरुण पोरं आहेत. एकजण स्वच्छ म्हणाला, “तमाशाला बसतंय कोण? म्हाताऱ्यांसाठी आख्ख्या गावाची वर्गणी घालवायची का?” दुसरा म्हणाला, “गावाची रीत हाय.” रीत म्हटल्यावर पोरं आणखी बिथरली. मला विचारलं, “भाई, तुम्ही कविता करता, तुमचं काय मत?” मी म्हणालो, “रीत म्हणून ठेवू नका. रीत म्हणून ठेवलेली वस्तू माळ्यावर जाते. पण ज्या फडाला अजून बतावणी येते असा फड मिळाला तर एकदा बघा. तुम्हाला हसू आलं नाही तर पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा, मी पहिली वर्गणी देतो.”

नारायणगावला आम्ही तिघं गेलो. जुन्नर तालुक्यातल्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. तीन राहुट्या हिंडलो. प्रत्येक ठिकाणी व्यवस्थापकाचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. तो होता, “तुमच्याकडं बंद किती वाजता करायचं?” आम्ही सांगितलं, सातला सुरू, दहाला बंद. एकानं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, “गण, गवळण, बतावणी नीट करतो. वग तासाभराचा. चालतंय का?” आम्ही म्हणालो, चालतंय.

जत्रेच्या संध्याकाळी पुढे म्हातारी माणसं आणि लहान मुलं. बाया एका अंगाला. तरुण मंडळी लांब, मोटरसायकलींवर बसून, हातात मोबाइल. गण झाला, गवळण झाली. मग बतावणीला सोंगाड्या आला. विशी-पंचविशीचा पोरगा. सरदारानं त्याला विचारलं, “काय रं, तुझी जमीन किती?”

“जमीन व्हती. आता गाडी हाय.”

“गाडी कुठं हाय?”

“ती बँकवाल्यांनी नेली. आता चावी हाय.”

“नुसती चावी? ती कशाला संभाळतोस?”

सोंगाड्यानं चावी वर धरली. चांगला वेळ घेतला. “कान कोराया.”

हसू पहिल्यांदा मागून आलं, मोटरसायकलींवरून. मग पुढे पसरलं. ते ओसरायच्या आत तो पुढचं बोलला, “लई महाग पडली, सरदार. पर कान साफ झालं. आता गाव माझ्यामागं काय बोलतंय ते समदं ऐकू येतंय.”

या वेळी हसू आलं ते वेगळं होतं. जमीन विकलेली घरं समोरच बसली होती. हसता हसता माणसं शेजाऱ्याकडे बघत होती आणि पुन्हा हसत होती. कमिटीतला तो स्वच्छ बोलणारा पोरगा मोटरसायकलवरून उतरून पुढे येऊन बसला. त्याच्या घरची जमीन कधी गेली आणि गाडी कधी गेली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला कुणी काही बोललं नव्हतं आणि तरी बोलणं झालं होतं. भाषण करून, लेख लिहून मला हे जमलं नसतं.

तात्यांना खुर्ची आणून पुढे बसवलं होतं. ते शेवटपर्यंत हसले नाहीत. कलावंत दुसऱ्याच्या कलेला सहसा हसत नाही, मोजतो. दहाला भोंगा बंद झाल्यावर त्यांनी मत दिलं, “पोरगं बेस हाय. थांबायचं कुठं ते कळतंय त्येला.”

श्रोतेहो, तमाशा वाचला, असा याचा अर्थ नाही. एका जत्रेत एक बतावणी रंगली म्हणून फडाचं डिझेल भागत नाही, आणि पुढच्या वर्षी आमची कमिटी काय ठरवेल ते तेव्हाच कळेल. पण ‘एक होता विदूषक’विषयी माझं मत मला आता नीट सांगता येतं. तो हसवत नाही ही तक्रार खरी आहे. तात्या म्हणाले तसं त्यात हसणं कमी पडलं आहे. तरीही तो मला मोठा वाटतो, कारण हसवणाऱ्या माणसाकडून आपण किती घेतो आणि त्याचं किती ऐकतो, याचा हिशोब त्यानं आपल्यासमोर ठेवला. हिशोब कुणालाच आवडत नाही. आपण तिकिटाचे पैसे परत मागितले.

ओसरलेल्या कलावंताला पाहायला कधी गेलात, पडद्यावर किंवा जत्रेत, तर कीव घरी ठेवून जा. तो काय म्हणतो ते ऐका. विनोद जमला तर मोकळेपणानं हसा. नाही जमला तर जमला नाही असं म्हणा, त्यालाही ते चालतं. आणि जत्रेला जाणार असाल तर एवढंच ध्यानात ठेवा, भोंगा दहाला बंद होतो. सातला गण सुरू होईल तेव्हा जागेवर असा.